मशेरीचा अर्क

मामू सलाम घ्यायच्या आधी तुमचा वास घ्यायचे.

कुवेतमधल्या जहराच्या बाजारातल्या त्या अरुंद दुकानात तुम्ही पाऊल टाकलंत, की काउंटरमागून एक लांब नाक पुढे यायचं, तुमच्या खांद्यापाशी क्षणभर थबकायचं आणि मागे जायचं. मग त्या नाकाचा मालक दुखावल्यासारखा म्हणायचा, "आत्ताच ओढून आलास. आन् वर बडीशेप खाल्लीस. बायकोला फसव, मला नको." त्यानंतर सलाम, त्यानंतर चहा, आणि धंद्याचं काही असलंच तर सगळ्यात शेवटी.

मेंदी लावलेले केस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्या नाकाचा विलक्षण गर्व. नम्रपणा हा गुण त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही. "कुवेतमधे नाकं दोन," ते सांगायचे. "एक माजं. दुसरं अजून जल्माला यायचं हाय."

त्यांची अर्धी हयात याच जागेत अत्तर विकण्यात गेली होती. पुढे दुकानाच्या मालकाने काळ ओळखला, अत्तराच्या कुप्या काढल्या आणि वेप आणले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : वेप म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट. आत तारेचं एक वेटोळं, त्यात खुपसलेला कापूस, कापसात भिजलेला रस. बटण दाबलं की तार तापते आणि रसाची वाफ होते. मालकाला वाटलं होतं की म्हातारा आता गावी जाईल. म्हाताऱ्याने एक वेप उघडून हुंगला आणि म्हणाला, "हे पण अत्तरच हाय. फक्त गाढवांनी बनवलेलं."

मी जहराजवळच्या अम्गरात बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका यार्डाच्या ऑफिसात काम करतो. पत्र्याची शेड, बाहेर सळयांचे ढीग, आत मी. डॉक्टरने माझ्या छातीवर नळी ठेवून चेहरा वाकडा केला, तो माझ्या बायकोने पाहिला, आणि त्या दिवसापासून घरात सिगारेट या शब्दाला बंदी आली. म्हणून मी एका संध्याकाळी मामूंच्या दुकानात गेलो आणि आयुष्यातली एक मोठी चूक केली.

"आंब्याचा द्या," मी म्हणालो. "तो बर्फवाला."

मामूंनी हातातली बाटली खाली ठेवली.

"कुठला तू?"

"कराडचा."

"घाटी!" त्यांनी कपाळावर हात मारला. "आंबा आमच्या कोकणातला, मागतोय घाटावरचा, ओढणार वाळवंटात. सरबत पायजे तर बाजूला बकाल्यात, किराणावाल्याकडं जा."

तेव्हापासून मी घाटी आणि ते मामू. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

मामूंचं म्हणणं साधं होतं. सिगारेटवाल्याला आंबा देऊन दोन दिवस फसवता येतं, तिसऱ्या दिवशी तो परत पाकीट घेतो. त्याला तंबाखूचीच चव द्यायची. तीही कारखान्यातली नाही, खऱ्या पानाची. म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत ते स्वतः अर्क काढायचे. पान हाताने फाडायचं, भुकटी करायची नाही. काचेच्या बरणीत ग्लायकॉलमध्ये, म्हणजे वेपच्या रसातल्या बिनवासाच्या द्रवात, बुडवायचं. उन्हात नाही, फ्रिजमध्ये नाही, अंधारात ठेवायचं. रोज हलवायचं आणि विसरून जायचं. महिना उलटला की कॉफी गाळायच्या कागदातून थेंबथेंब गाळायचं, पुन्हा गाळायचं, बाटलीपलीकडचा माणूस ओळखू येईपर्यंत गाळायचं. कारण पानाचा एवढासा कण राहिला तरी तारेवर जळून बसतो आणि वाफेला करपट चव येते. मग साध्या रसात मोजके थेंब, मग पुन्हा विश्रांती. ओढताना वीज कमी, कापूस ताजा, आणि घाई अजिबात नाही.

मधूनमधून ते बरणी उघडायचे, एक डोळा मिटून हुंगायचे आणि झाकण लावायचे. "बाळ हाय अजून."

हे सगळं मी लक्ष देऊन ऐकलं, आणि तुम्हाला माझ्यासारखी माणसं ठाऊक असतील, ऐकलं म्हणजे आलं असं मला वाटलं. महिनाभर थांबायची गरज मला पटेना. मी घरी सिगारेटी सोलून तंबाखू काढला, तो मिक्सरमधून फिरवला, औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणलं आणि बाटली इडलीच्या कुकरमध्ये शिजवली. ग्लिसरीन गुलाबाच्या वासाचं होतं हे मला शिजल्यावर कळलं. मग चहाच्या गाळणीतून गाळलं. पहिल्याच झुरक्याला वेपमधून काळा धूर आला आणि कुठल्या तरी दर्ग्याला आग लागल्यासारखा वास घरभर पसरला. पुढच्या इडल्यांनाही तोच वास. माझी मुलगी एक घास खाऊन म्हणाली, "बाबा, धिस इज इल्लीगल." बायकोने कुकर आणि मी, दोघांनाही बाल्कनीत काढलं.

ती बाटली मी निर्लज्जपणे मामूंकडे नेली. त्यांनी हुंगली. बराच वेळ डोळे मिटून बसले.

"ह्याला दफन कर," ते म्हणाले. "आन् कोणाला सांगू नको कुठं केलास ते."

त्यानंतर मी रोज दुपारी तिथे जाऊ लागलो. उन्हाळ्यात दुपारचं यार्ड बंद असतं, बाजारही झोपतो. मामू शटर अर्धं ओढायचे आणि आम्ही मागच्या खोलीत बसायचो. तिथे फळीवर बरण्यांची रांग होती आणि सगळ्यात मागे काळ्या कापडात गुंडाळलेली एक बरणी. खैरानला समुद्रावर बंगला असलेला एक कुवेती गृहस्थ दर गुरुवारी तिकडे जाताना मामूंचा अर्क घेऊन जायचा. त्याने एकदा त्या काळ्या बरणीकडे बोट दाखवलं. त्या माणसाला मामूंनी कधीच कशाला नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

तो गेल्यावर मी विचारलं, "कुणासाठी आहे ती?"

"तुज्या मामीसाठी."

मला हसू आलं. मामी रत्नागिरीच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावात. त्यांना मी फोनवर पुसटसं पाहिलं होतं. "मामी वेप ओढणार?"

मामू हसले नाहीत. त्यांनी फळीवरच्या बाटल्या उगाच पुढेमागे केल्या.

मामी मशेरी लावायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून. रोज सकाळी चुलीवर खापरी ठेवायची, तंबाखूचं पान काळं होईपर्यंत भाजायचं, तळहातावर चुरायचं आणि मागच्या दारात बसून दातांना लावायचं. त्या घटकेत घरातल्या कुणी त्यांना हाक मारायची नाही. गेल्या वर्षी दात दुखतो म्हणून रत्नागिरीला गेल्या, तर डॉक्टरने गालाच्या आत पांढरा चट्टा दाखवला. म्हणाला, मशेरी आज सोडा, चट्टा आहे तिथेच थांबेल. नाही सोडली तर.

"नाही सोडली तर" याच्यापुढे मामूंनी वाक्य नेलं नाही.

"मग सोडली?"

"व्हय म्हणते. आन् सकाळी फोन केला की तोंडात बोट." त्यांनी नाक चोळलं. "घाटी, अख्ख्या जहराच्या सिगारेटी मी सोडवल्या. पोलीसवाल्याच्या सोडवल्या. आन् माज्या घरात माजं कोण ऐकत नाय."

मग त्यांनी आपला बेत सांगितला. मामींना तंबाखू नको आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांना ती सकाळ हवी आहे. भाजण्याचा वास हवा आहे. तेवढा वास वेगळा काढून दिला तर मशेरी आपोआप सुटेल. वेपचं यंत्र नेता येणार नव्हतं, आपल्याकडे त्याला बंदी आहे. आणि नेलं असतं तरी मामींनी ते खाडीत फेकलं असतं. पण अत्तराचा फाया असतो ना, कापसाचा, कानाच्या पाळीत ठेवायचा? तसा फाया. वेपमध्ये घालतात तोच पांढराशुभ्र कापूस, त्यावर भाजलेल्या पानाच्या अर्काचे दोन थेंब. तोंडात काही जाणार नाही. फक्त वास.

"सकाळी मागच्या दारात बसंल, फाया हुंगंल, उठंल. झालं."

मला हे वेडेपणाचं वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. "मामू, त्यापेक्षा जाऊन चार दिवस ओरडा."

"ओरडून बायको ऐकते? तुजी ऐकते?"

मला बाल्कनीतला कुकर आठवला.

अडचण अशी की मामूंना पान भाजता येत नव्हतं. भाजलेल्या पानाचा अर्क त्यांनी आधी कधी काढला नव्हता. कुवेतमधल्या दोनांपैकी एका नाकाला मामींच्या चुलीचा वास पाठ होता, पण हाताला तो येईना. पहिल्या खेपेला कोळसा झाला. दुसऱ्या खेपेला पान कच्चं राहिलं आणि अर्काला ओल्या गवताचा वास आला; काळ्या कापडात तेव्हा होता तो हाच अर्क. शेवटी त्यांनी मान खाली घालून मामींनाच फोन लावला. व्हिडिओ कॉल. फोन बरणीला टेकवून ठेवला, समोर विजेची शेगडी, शेगडीवर तवा.

"अवो, काय करताव तिकडं?"

"पान भाजतोय."

"मला नको म्हणताव आन् सोता भाजताव!"

"ओढायला नाय. दवा बनवतोय. तू सांग कसं भाजतेस ते."

मामी फोनच्या जवळ सरकल्या. मग मामी म्हणाल्या, "आधी आग कमी करा. सगळ्याची घाई तुमाला."

घाई करू नकोस म्हणून आम्हाला रोज झाडणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं याचा मला इतका आनंद झाला, की मी मोठ्याने हसलो. मामींना तेव्हा कळलं की खोलीत परका माणूस आहे. त्यांनी ओढणी तोंडावरून ओढून घेतली.

ते फोन मग रोजचे झाले. मी पुष्कळ नवरा-बायको फोनवर बोलताना ऐकले आहेत. आखातात दुसरं ऐकायला काय असतं? पैसे मिळाले का, मुलीचं स्थळ आलं का, छपराचं काय झालं. मामूंचे फोनही आजवर तसेच, झटपट. आता तो फोन बरणीला टेकून तास तासभर चालायचा. "परता. आता परता. अवो, पान हाय ते, भाकरी नाय!" "धूर बघ, बराबर हाय?" "मला इकडून काय वास येतोय? तुमचं नाक कुठं गेलं? लोकांना सांगत फिरताव ना नाकाचं?" भाजणं संपलं तरी फोन संपायचा नाही. भाजण्यावरून गोष्ट सासूवर जायची, सासूवरून एका मेलेल्या बकरीवर, बकरीवरून लग्नातल्या कुठल्याशा न मिटलेल्या भांडणावर. उभं आयुष्य एकमेकांपासून लांब काढलेली ती दोन माणसं एका तव्याच्या निमित्ताने पहिल्यांदा निवांत बसली होती.

एकदा धूर फार झाला. माझ्याकडे एकच काम होतं : पुठ्ठा हलवून धूर दाराबाहेर घालवायचा. मी दाराकडे तोंड करून उभं राहायच्या ऐवजी दाराकडे पाठ करून उभा राहिलो आणि मन लावून सगळा धूर छतावरच्या आगीच्या घंटीखाली नेऊन सोडला. घंटा वाजली. इमारतीचा मिसरी हारिस, म्हणजे इजिप्तचा राखणदार, आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आला आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने शेगडी, तवा, मी आणि मामूंचा इस्त्रीचा शर्ट, सगळं पांढऱ्या भुकटीने माखून टाकलं. फोनवर मामी हसत होत्या. हसताना त्यांनी ओढणी दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरली होती.

"बघ," मामू भुवयांवरची भुकटी झटकत मला म्हणाले, "तू बसतंस म्हणून तोंड उघडं टाकत नाय. लाजते अजून."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी दुसऱ्या दिवसापासून फोनला दिसणार नाही असा खोक्यांच्या आड बसू लागलो. ओढणी तरीही तशीच राहिली. "तुजा आवाज येतो ना," मामू म्हणाले. "खोकू पण नको." मी खोकणंही बंद केलं.

पुढे मामींचा आवाज जड येऊ लागला. शब्द अर्धे चावल्यासारखे. मामू फोन कानाला लावायचे, हलवायचे, "काय? परत बोल" म्हणायचे. ऑफिसातले कॉम्प्युटर मी बघतो, त्यामुळे अशा वेळी माझ्या अंगात भलताच उत्साह येतो. मी निदान केलं की नेटवर्क कच्चं आहे. एक अख्खी दुपार मी स्टुलावर चढून दुकानातला वायफायचा डबा इकडून तिकडे हलवत होतो. शेवटी तो खिडकीच्या गजाला बांधला, वर सिल्व्हर फॉइल लावली, आणि मामींना म्हणालो, "मामी, आता बोला."

मामी सावकाश, एकेक शब्द सोडवत बोलल्या. "आता… बरं… येतंय काय?"

"एकदम साफ!" मामू म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

चट्ट्याचं ते मधूनमधून विचारायचेच. "दाखवलंस डॉक्टरला?" "दाखवला. तसाच हाय." "आन् मशेरी?" "सुटंल. तुमची दवा आली की सुटंल." मग मामू फळीवरच्या काळ्या कापडाकडे बघायचे. आता सगळं नव्याने भरलेल्या त्या बरणीवर होतं. ती लवकर उघडली तर वास कच्चा राहणार, मामी एकदा हुंगून बाजूला ठेवणार आणि पुन्हा खापरी चढवणार. त्यांना दुसरी संधी मिळणार नव्हती, असं त्यांचं मत.

हिवाळा लागायच्या सुमारास एका दुपारी त्यांनी बरणी उघडली. एक डोळा मिटला. मी नेहमीचं वाक्य ऐकायला तयार होतो.  मामू हळूच खाली, फरशीवरच बसले आणि बरणी माझ्यापुढे धरली.

मी कराडचा माणूस. माझ्या घरात कुणी मशेरी लावली नाही. पण मी हुंगलं आणि मला एक दार दिसलं. ओली माती, राख, धुराने काळी पडलेली चौकट, आणि कुणीतरी पाठमोरं बसलेलं. शपथेवर सांगतो.

"हेच?"

मामूंनी मान हलवली. त्या प्रचंड नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा एक थेंब होता, आणि ते तो पुसत नव्हते.

त्यांनी अर्क एका जुन्या अत्तराच्या कुपीत भरला, कापसाची पुडी घेतली, मालकाकडे सुट्टी मागितली. विमानतळावर मी सोडायला गेलो. नवा पांढरा शर्ट. "पंधरा दिसांनी येतो," ते म्हणाले. "बरण्या हलवत जा रोज. दुसरं काय पण करू नको. हात लावशील तर मुडदा पाडीन."

मी बरण्या हलवत राहिलो. पंधरा दिवस झाले, आणखी काही दिवस झाले. फोन लागेना. मग एका दुपारी, मी यार्डात सळयांची गाडी उतरवून घेत असताना, त्यांचा फोन आला.

"मामू! वास आवडला का मामींना?"

"आवडला."

पुढचं सळयांच्या आवाजात ऐकू येईना. मी सळया उतरवणाऱ्यांना हाताने थांबवलं आणि शेडच्या मागे गेलो.

मामी मागच्या दारात बसल्या होत्या. ओढणी तशीच, तोंडावर. मामू हसून म्हणाले होते, काढ आता, घाटी तिकडं राहिला.

"पण मला दारातच वास आला, घाटी," मामू म्हणाले. "ओढणी काढायच्या आधी. तिच्याजवळ पोचायच्या आधी. इतकी वर्सं हे नाक मिरवलं. फोनमधनं वास येत नाय रे."

मामींचा एक गाल उरला नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी बघून, करण्यासारखं काही नाही म्हणून परत पाठवलं होतं. आपल्या भावाला आणि मुलीला त्यांनी कुराणाची शपथ घातली होती की कुवेतला कळवायचं नाही.

मामूंनी कुपी काढली. दुसरं काय करणार? अर्धा अर्क पायरीवर सांडला. फाया केला आणि मामींच्या नाकाशी धरला. मामींनी डोळे मिटले. खूप वेळ मिटूनच ठेवले. "आमच्याच चुलीचा," त्या म्हणाल्या.

"आता तरी सोड मशेरी," मामू म्हणाले. माणूस काय बोलतो अशा वेळी, बघा. त्यांना दुसरं वाक्यच येत नव्हतं. वर्षभर तेच एक वाक्य घेऊन ते जगले होते.

तेव्हा मामी म्हणाल्या, ती तर कवाच सोडली.

ज्या आठवड्यात मामूंनी पहिल्यांदा तवा चढवून फोन लावला, त्याच आठवड्यात सोडली. डबा खाडीत टाकला, खापरी फोडली. इतक्या लांब बसून हा माणूस आपल्यासाठी पान भाजतो, हाताला चटके घेतो, मग आपण कशाला लावायची, असं वाटलं म्हणे. चट्टा मात्र थांबला नाही. त्याला उशीर झाला होता.

"मग बोललीस का नाय?" मामूंनी विचारलं. "रोज मला सांगत होतीस, भाजा असं, परता तसं. सुटंल म्हणत होतीस. एकदा तरी बोलायचं, सोडली म्हणून."

हे मला सांगताना मामूंचा आवाज अगदी बारीक झाला. मामींचं उत्तर त्यांनी मामींच्याच सुरात सांगितलं, एकेक शब्द सोडवत.

"सोडली म्हटलं असतं, तर तुमी फोन केला असताव?"

त्या थंडीतच मामी गेल्या. मामू परत आले नाहीत. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपला, मालकाने वाट बघून दुकान दुसऱ्याला दिलं. मी बरण्या मागायला गेलो तेव्हा त्या रिकाम्या करून, धुऊन, पालथ्या घालून ठेवलेल्या होत्या. आता तिथे फळांचे वेप मिळतात. दारात शिरलं की कुणी तुमचा वास घेत नाही. लोक सरळ आत जातात, सरळ बाहेर येतात.

मी मामूंना फोन करत होतो. ते उचलायचे आणि "हं" म्हणायचे. जेवलात का? हं. तब्येत? हं. मुलगी सासरहून आली होती का? हं. माझ्या आयुष्यात माझ्या विनोदांना कुणी इतका थंड प्रतिसाद दिला नव्हता. एकदा काहीच सुचेना, फोन ठेवायचा धीर होईना, आणि मी उगाच बोलून गेलो, "मामू, कापूस जळला."

"काय?"

"वेपमधला कापूस. करपट लागतंय."

"वीज किती ठेवलीस?" पलीकडचा माणूस एकदम सरळ बसल्याचं मला ऐकू आलं. "आन् रस मुरायच्या आधीच बटण दाबलं असशील! घाटी, तुला शंभर वेळा सांगितला, नवा कापूस घातला की थांब जरा. अक्कल नाय? बायको कशी नांदते तुज्याबरोबर?"

ते किती वेळ मला झाडत होते आठवत नाही. मी शेडच्या मागे, सळयांच्या ढिगावर बसून सगळं ऐकून घेतलं.

खरी गोष्ट अशी की मामी गेल्याचं कळलं त्या दिवशी मी माझं यंत्र कचऱ्यात टाकलं. नंतर काही ओढलं नाही, सिगारेटही नाही. ओढायला गेलो की ती ओढणी दिसायची. पण त्या कापसाच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी दुपारी मी मामूंना फोन करून सांगितलं, की अर्क कॉफीच्या कागदाऐवजी मोज्यातून गाळला. तिसऱ्या दिवशी सांगितलं, की बरणी गाडीच्या डिकीत उन्हात राहिली. माझ्या गाढवपणाच्या गोष्टी ऐकून तुमच्यातले काही जण हसले असतील. पहिल्या खऱ्या आहेत. त्यानंतरच्या सगळ्या मी ऑफिसात बसून, विचार करून रचतो. रोज नवी चूक सुचणं वाटतं तेवढं सोपं नाही. बायकोही मदत करते. काल तिने सुचवलं, की अर्क मायक्रोवेव्हमध्ये ठेवला असं सांग.

मी तेच सांगितलं. मामूंनी माझा, माझ्या गावाचा आणि मायक्रोवेव्हच्या कंपनीचा उद्धार केला. मग मधेच थांबले.

"घाटी."

"काय मामू?"

"तू ओढत नायस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ओढणारा बोलता बोलता मधेच दम घेतो. तू किती दिस झाले, सलग बोलतंस. एकदा फसलो मी फोनवर. आता कान देऊन ऐकतो."

शेडपलीकडे कुणीतरी सळया ओढत होतं. पत्र्यावर वाळू खडखडत होती. हे आपलं शेवटचं बोलणं, उद्यापासून पुन्हा नुसतं "हं", असं माझ्या मनात आलं. 

"उद्या काय बिघडवणार हायस?" मामूंनी विचारलं.

मला डोळे पुसावे लागले. मग म्हणालो, "बरणी फोडीन म्हणतो."

"फोड," ते म्हणाले. "पण दुपारीच फोड. मी मागच्या दारात बसलेलो असतो."